दोन तोंडांचा टर्बो

आष्ट्याहून सांगलीकडं निघालं की गाव सुटता सुटता ट्रॅक्टरच्या सायलेन्सरांची एक रांग रस्त्याकडेला उभी दिसते. काही नवे कोरे, काही गंजलेले, काही चंदेरी रंग मारलेले. तेच मगदुमांचं वर्कशॉप. पाटीवर नाव पारस मगदूमचं आहे, पण गाडीतनं उतरणारं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "वहिनी हायत का?" लेथवर वाकलेला पारस मान वर न करता आतल्या बाजूला बोट दाखवतो. आत निळ्या झगझगत्या उजेडामागं, तोंडावर काळी ढाल धरून, चंदना बसलेली असते.

चंदनाचं माहेर आष्ट्याच्याच शिवारातलं. वडील जिनपाल चौगुले ऊस करायचे आणि हंगामात स्वतःचं गुऱ्हाळ चालवायचे. गुऱ्हाळात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे काहिलीचं, रस आटवायच्या मोठ्या कढईचं, बूड. ऐन रसात ते कुठंतरी चिरायचं, आणि मग वेल्डरची वाट बघत सगळी माणसं हातावर हात धरून बसायची. वेल्डर यायचा तो त्याच्या सवडीनं. एकदा असंच सगळं खोळंबलेलं असताना चंदना म्हणाली, "आप्पा, मीच शिकतो की हे."

आप्पा हसले. पण ती शिकली. आयटीआयला वेल्डरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात ती एकटीच मुलगी. हाताला ठिणग्यांचे डाग पडले, ओढणीला भोकं पडली, तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. पण पुढच्या हंगामात काहील चिरली तेव्हा चंदनानं ती जागेवर शिवली आणि जिनपालांनी गुळव्याला ऐटीत सांगितलं, "चालू दे. आमच्या घरचाच वेल्डर हाय."

पारसशी लग्न ठरलं तेव्हा त्यानं पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बश्या उचलता उचलता हळूच विचारलं होतं, "आर्गन वेल्डिंग येतंय का?" तिनं मान हलवली. त्यानं घरी जाऊन होकार कळवला.

सासूबाई आक्काताईंना मात्र हे काही पसंत नव्हतं. सुनेनं सायलेन्सर जोडत बसायचं, तेही रस्त्याच्या कडेला, म्हणजे काय? पण त्यांचा राग तोंडातल्या तोंडातच राहायचा. जैन घरातली एक रीत त्यांनी सोडली नाही. दिवस मावळायच्या आत जेवण. सूर्य कलला की त्या डबा घेऊन वर्कशॉपच्या दारात उभ्या राहायच्या, आणि समोर मंत्र्याची गाडी का उभी असेना, मशीन बंद व्हायचं.

टर्बोचं काम आलं ते ऊसतोडणीच्या यंत्रांमुळं. एवढी मोठी यंत्रं दिवसभर शेतात तापायची आणि त्यांचे मॅनिफोल्ड तडकायचे. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांमधला जळका धूर गोळा करून पुढं नेणारा पाइपांचा जुडगा. तिथून तो धूर टर्बोच्या हाउसिंगमध्ये शिरतो. हे हाउसिंग शंखासारखं वळलेलं ओतीव लोखंड. धूर त्यात गरगर फिरतो, आतलं चक्र फिरवतो, आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. चंदनानं असे कितीतरी तडकलेले मॅनिफोल्ड जोडले. जोडता जोडता तिला त्यांचा स्वभाव कळायला लागला. कुठं ताण येतो, कुठं धूर अडतो, तडा कुठल्या कोपऱ्यात सुरू होतो, हे ती नुसत्या काजळीवरून सांगायची. मग सांगलीकडची, विट्याकडची गाड्या सजवणारी पोरंही यायला लागली.

आणि एका सकाळी साताऱ्याहून सुभेदार आले.

सुभेदार अर्जुना शेडगे. फौजेत सगळी नोकरी गाड्यांवर काढलेली. बर्फातल्या रस्त्यांवरनं ट्रक नेलेला माणूस. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण हातातलं स्टेअरिंग सुटत नव्हतं. त्यांनी एक जुनी जिप्सी घेतली होती, तिला टर्बो लावला होता, आणि साताऱ्याजवळच्या घाटात रस्ता बंद ठेवून जी चढणीची शर्यत होते, तिच्यात त्यांना उतरायचं होतं.

जिप्सी दारात थांबली तेव्हा तिचा आवाज ऐकूनच चंदनानं ढाल वर केली. आवाज भरलेला नव्हता. दम्याच्या माणसासारखी गाडी धापा टाकत होती.

"ताई, रामराम," सुभेदार म्हणाले. "हिचं दुखणं कुणालाच सापडंना. सरळ रस्त्याला वाऱ्यागत पळतीया. पण घाटात वळणाला स्पीड कमी केला की मरती. पुन्हा पाय दाबावा तर नुसती विचार करत बसती. तवर मागचा पुढं जातोय."

"टर्बो कुठला हाय?"

"जुन्या बाजारातनं मीच निवडून आणला. माल टॉप क्लास हाय. पण सगळी म्हणत्यात, हाउसिंग लय मोठं झालं, फेकून द्या, बारकं बसवा."

"फेकायचं नंतर बघू," चंदना म्हणाली. "आधी उघडून बघतो."

इंजिन थंड झाल्यावर तिनं टर्बो उतरवला. मॅनिफोल्ड आणि हाउसिंग यांच्यामध्ये कुणीतरी एक जाड लोखंडी पट्टी घातली होती. दोघांची भोकं जुळत नव्हती म्हणून केलेली तडजोड. बाहेरून बघणाऱ्याला सगळं नीट बसलेलं दिसायचं. चंदनानं पट्टी बाजूला केली आणि हाउसिंग उजेडाला धरलं. मग ती हसली आणि तिनं पारसला हाक मारली.

"आवं, हिकडं या. हे बघा."

हाउसिंगचं तोंड एक नव्हतं. मधोमध भिंत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक तोंड. आतून शंखाचे वेढेही दोन वेगळे. आणि त्याला जोडलेल्या मॅनिफोल्डचं तोंड मात्र एकच, भलं रुंद. तिनं मॅनिफोल्डच्या कडेला निळा रंग लावला, हाउसिंग त्यावर दाबलं आणि उचललं. निळी रेघ कुठं उमटली ते सुभेदारांना दाखवलं. मॅनिफोल्डचं तोंड हाउसिंगपेक्षा सगळीकडून मोठं होतं. म्हणजे धूर सुसाट यायचा आणि चारी बाजूंनी काठावर आपटायचा. जो काठ चुकवायचा, तो मधल्या भिंतीवर आदळायचा.

"सुभेदार, तुमी शेतीवाले का नुसते फौजवाले?"

"दोन्ही की."

"मग ऐका. दोन विहिरींच्या मोटारी एकाच पाइपाला जोडल्या तर काय हुतंय?"

"एकीचं पाणी दुसरीच्या विहिरीत उलटं ढकलतंय. मधी व्हॉल्व पाहिजे."

"तेच चाललंय हितं. तुमच्या इंजिनाची चार सिलिंडरं एकदम धूर सोडत न्हाईत. पयला सोडतो, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. पाठोपाठचे दोन एकाच नळीत घातले की एकाचा धूर दुसऱ्याच्या तोंडात शिरतो. म्हणून ह्या टर्बोला दोन तोंडं दिल्यात. पयला आणि चौथा एका तोंडात, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या तोंडात. कुणी कुणाच्या आडवं येत न्हाई. एकेक फुंकर नीट चक्रावर बसती. मग वळणाला चक्र थांबतच न्हाई."

सुभेदार मिशीवर बोट फिरवत राहिले. "म्हणजे माझी निवड चुकली न्हवती?"

"हाउसिंग सोन्यासारखं हाय. सोयरीक चुकीच्या घरात झाली."

पारसनं सरळ मार्ग सुचवला. एक तोंडाचं, थोडं लहान हाउसिंग आणायचं, काठ घासून जुळवायचे, गाडी चालू. कामही लवकर होईल. खोटं नव्हतं त्याचं. चंदनालाही ते पटत होतं. पण ते दोन तोंडांचं हाउसिंग ती हातातनं खाली ठेवीना. असं काम तिनं आजवर केलं नव्हतं. तडकलेलं जोडलं होतं, झिजलेलं भरलं होतं. पण स्वतःच्या मनानं, पहिल्यापासून, एखाद्या टर्बोसाठी नेमका मॅनिफोल्ड घडवणं हे वेगळं होतं.

"मॅनिफोल्डच नवा करायचा," ती म्हणाली. "ह्या हाउसिंगला शोभंल असा."

सुभेदार टाचा जुळवून फक्त "जी" म्हणाले.

त्या दिवसापासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक भंगारातलं इंजिनाचं हेड येऊन बसलं. त्यावर फ्लँज, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी बसणारी सपाट पट्टी, आवळून काम करायचं, म्हणजे वेल्डिंगच्या आचेनं ती वाकणार नाही. चंदनानं आधी नळाच्या दुकानातनं प्लास्टिकचे बेंड आणले आणि ते कापून, चिकटवून मॅनिफोल्डचा सांगाडा जमवायला घेतला. पहिल्या सिलिंडरची नळी चौथ्याकडं न्यायची, दुसऱ्या-तिसऱ्याची आतून काढायची, स्टेअरिंगचा दांडा मध्ये येतो तो चुकवायचा, आणि चारी नळ्यांची लांबी होता होईल तितकी सारखी ठेवायची. एक जुळवावं तर दुसरी बोनेटला लागायची.

आक्काताई डबा घेऊन आल्या आणि तो पांढरा गुंता बघून थबकल्या.

"आगं, हे काय? कुणाच्या न्हाणीचं काम घेतलंयस?"

"गाडीचं हाय, आत्ती."

"गाडीला नळ?"

चंदना जेवता जेवता त्यांना समजावत गेली. दोन मोटारी, दोन पाइप, उलटं जाणारं पाणी. आक्काताई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होत्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मग ती वरची नळी जरा मागं घे की. ती पुढं आल्यानंच सगळी दाटी झालीया." चंदनानं जेवण आटपून नळी मागं घेऊन बघितली. स्टेअरिंगचा दांडा सुटला.

सांगाडा ठरल्यावर लोखंड. साखर कारखान्यांच्या वाफेच्या लाइनीला वापरतात ते जाड काळे बेंड सांगलीच्या बाजारात मिळतात. पारसनं ते आणून नेमक्या कोनात कापून दिले. चंदनानं एकेक सांधा असा जोडला की आतून बोट फिरवलं तर सांधा कळू नये. शेवटच्या फ्लँजला दोन तोंडं कोरली, निळा रंग लावून हाउसिंगशी पुन्हा पुन्हा ताडली, जिथं कडा पुढं दिसली तिथं घासली. मधली भिंत भिंतीवर, काठ काठावर.

मॅनिफोल्ड गाडीला जोडला, सुभेदारांना बोलावून गाडी चालू केली, आणि तिघांनीही एकमेकांकडं बघितलं. धापा गेल्या होत्या. सुभेदार आष्ट्याच्या बाहेर एक फेरी मारून आले ते खिडकीतनं हात बाहेर काढूनच. "ताई, पाय ठेवायचा अवकाश! जोर खालनंच येतोय, इंजिन चढायच्या आधीच!" ते गाडी घेऊन साताऱ्याला गेले, आणि चंदना पुढचे काही दिवस उगाचच गुणगुणत काम करत होती.

मग फोन आला.

"ताई, शिट्टी वाजतीया."

चंदनानं हातातला ग्राइंडर खाली ठेवला. शिट्टी म्हणजे धूर गळतोय. म्हणजे तडा.

ती फोनवर काही विचारत बसली नाही. पारसला गाडी काढायला लावली आणि दोघं साताऱ्याला गेले. सुभेदारांच्या दारात बोनेट उघडं होतं. टॉर्च धरून तिनं बघितलं. दोन तोंडांच्या फ्लँजपाशी, अगदी मधल्या भिंतीच्या टोकाला, केसासारखी रेघ उमटली होती. तिच्याभोवती पांढरट राख.

"जोडून दिऊ या आत्ता," पारस हळूच म्हणाला. "वरनं एक टाका बसंल. शर्यत जवळ आलीया."

चंदनानं बोटानं ती रेघ चाचपली. तिला वाईट वाटलं होतं, चेहरा उतरला होता, पण डोकं चालू होतं. मग तिनं टर्बोखाली हात घातला आणि तो हलक्या हातानं वर उचलला. रेघ मिटली. सोडला. रेघ उघडली.

"चूक माझी हाय," ती सुभेदारांना म्हणाली. "टर्बोचं सगळं वजन मी नळ्यांवर लोंबकळत ठेवलं. खालनं आधार द्यायला पाहिजे हुता. आणि फ्लँज बारीक घेतली. वेल्डिंगचा ताण आत तसाच दबून राहिला, गरम झाल्यावर तो बाहेर पडला. टाका घालून भागणार न्हाई. तुमी घाटात असताना हे पुन्हा तडकंल. नवा करून देतो."

"नव्याला येळ हाय का?"

"हाय. तुमी गाडी पाठवू नका, नुसता टर्बो उतरवून न्हेतो. बाकी मापं माझ्यापाशी हायत."

सुभेदारांनी पान्यांचा डबा पुढं ओढला. "ताई, फौजेत आमी म्हणायचो, जो आपला फॉल्ट स्वतः सांगतोय त्याच्या गाडीत डोळं मिटून बसावं. करा तुमी."

दुसरा मॅनिफोल्ड पहिल्यापेक्षा लवकर झाला, कारण हाताला वाट माहीत झाली होती. या वेळी फ्लँज जाड घेतली, टर्बोला इंजिनाच्या अंगावरून आधाराची पट्टी दिली. राहिला वेल्डिंगचा ताण. तो काढायचा तर सगळा मॅनिफोल्ड एकसारखा लाल होईपर्यंत तापवून अगदी सावकाश थंड करायला हवा. त्यासाठी मोठी भट्टी लागते. चंदना विचार करत बसली आणि मग उठून तिनं माहेरी फोन लावला.

"आप्पा, गुऱ्हाळ चालू हाय का?"

"काल रात्रीच काहील उतरवली. का गं?"

"चुलाण पेटवून पाहिजे."

चंदना पोचली तेव्हा चुलाणात चिपाडाचा जाळ धडधडत होता आणि म्हातारा स्वतः आत सरपण लोटत बसला होता. मॅनिफोल्ड जाड पट्टीला आवळून, लांब सळीनं तिनं आत ठेवला. बापलेक दोघं चुलाणाच्या तोंडाशी बसून लोखंडाचा रंग बघत राहिले. गुळाचा पाक बघून उतार सांगणाऱ्या माणसाला रंगाची नजर असतेच. लोखंड पिकल्या डाळिंबाच्या सालीगत झालं तशी जिनपालांनी बोट वर केलं. "आता पुरं. ह्याच्याम्होरं जाऊ देऊ नगंस." मग जाळ ओढून घेतला, वरून राखेचा ढीग लोटला आणि चुलाणाचं तोंड मातीनं लिंपून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राख उकरली तेव्हाही लोखंड कोमट होतं. पारसनं फ्लँजचा पृष्ठभाग घासून सपाट केला. निळा रंग लावून हाउसिंगशी ताडलं आणि उमटलेला ठसा कागदावर टिपला. दोन्ही तोंडांभोवती निळी रेघ एकसारखी उमटली, कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. चंदनानं तो कागद जपून ठेवला, आणि दोघांनी साताऱ्याला जाऊन मॅनिफोल्ड आणि टर्बो जिप्सीत बसवला.

शर्यतीच्या दिवशी आक्काताईंनी सकाळीच विचारलं, "मी येऊ काय?" पारसला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या इरकल नेसून, भडंगाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्यासुद्धा होत्या.

घाटाच्या पायथ्याशी जत्राच होती. चकाचक गाड्या, रंगीत हेल्मेटं घातलेली तरणी पोरं, आणि त्यांत मिलिटरी रंगाची जुनी जिप्सी. पोरं सुभेदारांकडं बघून आपसांत हसत होती. सुभेदारांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी हेल्मेट चढवलं, मिशा आत सारल्या, आणि लांबून चंदनाला एक कडक सलाम ठोकला.

मगदूम मंडळी वरच्या एका तीव्र वळणाच्या कठड्याशी उभी होती. तिथं गाड्या वेग सोडायच्या आणि पुन्हा पकडायच्या. एकेक गाडी येत होती. काही भर्रकन वळायच्या, पण वळणातून बाहेर पडताना क्षणभर अडखळायच्या, आणि मग जोर यायचा. तो क्षणभर चंदनाला अचूक ऐकू येत होता. प्रत्येक गाडीला ती मनात म्हणत होती, तोंड जुळलेलं नाही, तोंड जुळलेलं नाही.

मग खालून जिप्सीचा आवाज आला. भरलेला, एकसंध. सुभेदार वळणाला आले, गिअर खाली टाकला, गाडी कडेला घासत वळली, आणि आवाज तुटलाच नाही. पाय पडला तसा वेग वाढला. मातीचा लोट उडवत जिप्सी वर निघून गेली. शिट्टी नाही. चंदनानं पारसचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर बोटं उमटली.

सुभेदार त्यांच्या गटात दुसरे आले. पहिला आला तो कसलेला, दरवर्षीचा गडी होता, आणि त्यानं स्वतः येऊन सुभेदारांचा हात हातात घेतला. मग जिप्सीचं बोनेट उघडलं गेलं आणि तिच्याभोवती गर्दी जमली. मघाची हसणारी पोरंही डोकी खुपसून बघत होती. एकानं विचारलं, "सुभेदार साहेब, मॅनिफोल्ड बाहेरच्या देशातनं मागवलाय व्हय?"

सुभेदार तोंड उघडणार, तोच मागनं आवाज आला.

"आष्ट्याचा हाय!" आक्काताई गर्दीतनं वाट काढत पुढं आल्या होत्या. "आमच्या सुनंनं केलाय. पयला आणि चौथा ह्या तोंडात, दुसरा आणि तिसरा त्या तोंडात. म्हणजे कुणी कुणाच्या आडवं येत न्हाई. ही काय, हिकडं उभी हाय. चंदना, म्होरं ये की गं, लाजतीस कशाला?"

चंदना लाजत नव्हती. तिला हसू आवरत नव्हतं. ती पुढं झाली, आणि पोरांनी तिच्यासाठी जागा केली. फ्लँज जाड का, आधार कुठं, चारी नळ्या सारख्या कशा, ती सांगत गेली. पहिला तडकला होता, हेही सांगितलं, आणि का तडकला तेही. कऱ्हाडच्या एका पोरानं तिथंच स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडलं आणि तिला हाताला धरून नेल्यासारखं तिकडं नेलं. ती वाकून बघून म्हणाली, "मॅनिफोल्डचं आणि हाउसिंगचं, दोन्ही तोंडं उघडून दाखवल्याबिगर मी काही बोलणार न्हाई. आष्ट्याला घेऊन ये."

गर्दी पांगली तसे सुभेदार आले. घाट अजून वाहतुकीला मोकळा झाला नव्हता. आयोजकांशी दोन शब्द बोलून त्यांनी जिप्सीची किल्ली चंदनापुढं धरली.

"आता तुमी चालवा."

"मी?"

"ट्रॅक्टर चालवताय न्हवं? मग? ज्यानं घडवलं त्याला कळाय नको व्हय कसं पळतंय?"

पारस हसत बाजूला झाला. आक्काताई म्हणाल्या, "जा, पण दिवस मावळायच्या आत ये." ऊन तर अजून डोक्यावरून नुकतंच उतरलं होतं.

चंदनानं पदर खोचला, हेल्मेट घातलं. सुभेदार शेजारी बसले. पहिली दोन वळणं तिनं जपून काढली. तिसऱ्याला गिअर खाली टाकला, वळणाचं तोंड दिसलं तसा पाय दाबला, आणि गाडीनं तिला पाठीमागून अलगद उचलून पुढं ढकललं. कुठं थांबणं नाही, विचार करत बसणं नाही. आजवर हे तिनं काजळीत वाचलं होतं, निळ्या रेघेत बघितलं होतं, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आज ते तिच्या पाठीच्या कण्यात शिरलं.

"लागतंय का जोर?" सुभेदारांनी ओरडून विचारलं.

"खालनं!" चंदना ओरडली. "अगदी खालनं!"

आणि तिनं पाय तसाच ठेवला.